तोडलेल्या झाडाची सावली कुठं मोजायची? (नागपूर: मेट्रो, उड्डाणपूल, रुंद रस्ते)

सावरी | 26 मे, संध्याकाळी 7:15

आज नागपुरात शून्य सावलीचा दिवस होता. दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सूर्य बरोब्बर डोक्यावर आला आणि विजेचे खांब, होर्डिंग, भिंती, सगळ्यांच्या सावल्या पायाशी गोळा होऊन नाहीशा झाल्या. कालपासून नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय. मी आणि शेजारची बारावीतली मुलगी त्या वेळी टेप घेऊन रस्त्यावर होतो.

आमच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं त्यानंतर एकच जुना कडुनिंब उरलाय. शाळेच्या कुंपणाच्या आत होता म्हणून वाचला. सूर्य माथ्यावर असताना झाडाची सावली त्याच्या फांद्यांच्या घेराएवढीच पडते, ना इकडे ना तिकडे, म्हणून हीच वेळ साधायची होती. घेराचा व्यास भरला 12 मीटर. म्हणजे साधारण 113 चौरस मीटर सावली. मग पलीकडच्या फुटपाथवर बदली म्हणून लावलेल्या रोपांकडे गेलो. त्यातलं सगळ्यात चांगलं, आठ फुटी, लोखंडी पिंजऱ्यातलं रोप निवडलं. पानांचा पसारा 60 सेंटिमीटर. सावली 0.28 चौरस मीटर. भागाकार मुलीनं केला: 400.

एका कडुनिंबाची सावली भरून काढायला आज अशी चारशे रोपं लागतील.

निंबाखाली त्या वेळी काय होतं तेही वहीत लिहिलंय. दोन ई-रिक्षा, उसाच्या रसाचा ठेला, सिलिंडरची गाडी थांबवून घाम पुसणारा एक पोरगा, भांडी घासून घरी निघालेल्या तीन बाया, एक कुत्रं आणि आम्ही दोघी. रोपाच्या सावलीत माझी दोन पावलं मावली.

रस्ता रुंद झाला तेव्हा 23 झाडं गेली. ती मी स्वतः मोजली होती, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा टाकलेला होता. त्यांच्या बदल्यातली बरीच रोपं शहराबाहेर एका माळावर लावली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात जाऊन पाहिलं तेव्हा सगळं हिरवं होतं, मला खरंच बरं वाटलं. या मार्चमध्ये पुन्हा गेले. बांबूच्या काठ्या रांगेत उभ्या होत्या, बहुतेक काठ्यांना बांधलेलं काहीच नव्हतं. संबंधित कार्यालयात विचारलं तर त्यांनी लावलेल्या रोपांचा आकडा दाखवला. तो आकडा खरा होता, यात मला शंका नाही.

मी मेट्रोच्या विरोधात नाही. डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण सुरू झाला तेव्हापासून जवळजवळ रोज मेट्रोनंच जाते. डब्यात थंड असतं. त्रास उतरल्यावर सुरू होतो. स्टेशन ते घर हे माझे 900 मीटर, आणि त्यात सावलीचा तुकडा हा एकच.

विचारायचं आहे ते एवढंच: किती रोपं लावली हा हिशेब सगळीकडे मिळतो. त्याच रस्त्यावर किती सावली परत आली, हा हिशेब कोणी ठेवतं का? ठेवायचा तर कसा?

---

कॉटन मार्केट | 26 मे, रात्री 8:02

ताई, हिशेब कोणी ठेवत नाही, पण ज्याचं पोट त्यावर आहे त्याला तोंडपाठ असतो. माझे वडील एका चिंचेखाली फळं विकायचे. चिंच गेली तेव्हा त्यांनी छत्री घेतली, मग ताडपत्री. केळी आधी दोन दिवस टिकायची, ती ताडपत्रीखाली दुपारीच काळी पडायला लागली. आता ते मे महिन्यात अकरा ते पाच धंदाच करत नाहीत. रस्ता मोठा झाला, गिऱ्हाईकही वाढलं, पण उन्हात कोणी थांबत नाही.

---

सळई सिमेंट | 26 मे, रात्री 10:40

सावरीताई, मी स्थापत्य अभियंता आहे. अशा कामांवर वीस वर्षं काढलीत, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो.

आमच्या नकाशावर झाड म्हणजे एक छोटा गोल, आणि तो आखणीत आला की त्यावर फुली. तो गोल खोडाचा असतो, घेराचा कधीच नसतो. तुमच्या निंबाचे 113 चौरस मीटर कागदावर कुठंच उमटत नाहीत. जे उमटलं नाही ते गेल्याचंही कळत नाही.

त्याच रस्त्यावर झाड परत का लागत नाही? रस्ता रुंद झाला की दुकानाच्या शटरपासून डांबरापर्यंत दीड-दोन मीटर उरतात. त्यात पावसाळी नाली, पाण्याची लाइन, विजेची केबल, इंटरनेटचे पाइप, आणि वर गट्टू (पेव्हर ब्लॉक). रोपासाठी जो खड्डा सोडतात तो बहुतेक वेळा दोन फुटांचा चौकोन असतो, खाली खडी-मुरुमाची भर आणि डांबराचे तुकडे. त्यात मूळ जाणार कुठं?

मग सगळे म्हणतात, मेट्रो-उड्डाणपुलाच्या खांबांच्या मधल्या पट्ट्यात लावा. उन्नत मार्गाखाली कधी हात घालून पाहिलाय? मी पाहिलाय. ऑगस्टमध्ये, बाजूला गुडघाभर पाणी साचलेलं असताना, डेकच्या, म्हणजे वरच्या स्लॅबच्या, बरोब्बर खाली दोन बोटं उकरली तर कोरडा फुफाटा. तिथे पाऊस पोचतच नाही. तिथली शोभेची झाडं टँकरवर जगतात, टँकर थांबला की पंधरा दिवसांत खलास. आणि ती जगली तरी चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावली धरत नाहीत, कारण माणूस चालतो कडेनं.

उपाय आहे, पण तो निविदेच्या आधी करावा लागतो. पार्किंगच्या पट्ट्यात दर आठ मीटरला एक गाडीची जागा झाडाला द्यायची. दीड मीटर बाय दीड मीटरचा उघडा खड्डा, मीटरभर खोल चांगली माती, केबल-पाइप त्याला वळसा घालून. अंदाजपत्रकात याची ओळ आधीपासून असेल तर खर्च एकूण कामाच्या मानानं किरकोळ. नंतर घालायला गेलात तर ते जादा काम ठरतं आणि त्यावर सही करायला कोणी पुढे येत नाही. मीही कधी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता.

---

मुठेकाठचा | 27 मे, सकाळी 8:20

सध्या पुण्यात, मूळचा धरमपेठचा. एक शंका: तोडण्याऐवजी झाड उचलून दुसरीकडे का लावत नाहीत? हल्ली मोठमोठ्या क्रेन आहेत.

---

सळई सिमेंट | 27 मे, सकाळी 9:05

साधा हिशेब सांगतो. खोडाच्या जाडीच्या दहापट रुंद मातीचा गोळा मुळांसकट यायला हवा, असा ढोबळ नियम आहे. खोड 40 सेंटिमीटर असेल तर गोळा 4 मीटर रुंद. मीटरभर खोल धरला तरी माती वीस टनांच्या पुढे जाते. भर रस्त्यात नाली, केबल सांभाळून एवढा गोळा निघत नाही. म्हणून लहान गोळा काढतात, फांद्या छाटून खोड बोडकं करतात आणि नेऊन पुरतात. चार पालव्या फुटतात, फोटो निघतो. त्या पालव्या खोडात साठलेल्या अन्नावर आलेल्या असतात. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात.

नीट करायचं तर काही आठवडे आधी टप्प्याटप्प्यानं चर खणून मुळं छाटायची, गोळ्याच्या आत नवी तंतुमुळं फुटू द्यायची, मगच उचलायचं. काम सुरू करायची तारीख ठरलेली असते, तेवढे आठवडे कोणी देत नाही.

---

रोपवाटिकेवाला | 27 मे, दुपारी 1:30

राम राम. इंजिनेर साहेब बरोबर सांगून राहिले. वड, पिंपळ, उंबर हे उचलून लावलं तरी जगते, त्याईची जातच तशी. आंबा, जांभूळ, मोह याईले हात लावू नका, सोटमूळ तुटलं का संपलं.

मी तीस वर्सं झाले रोपं करून राहिलो. ठेकेदार लोक माह्याकडूनच नेतात, म्हणून मले ठाऊक आहे काय होते ते. रोप जुलैत नेतात, ते ठीक. पण मागतात सगळ्यात उंच अन् सगळ्यात स्वस्त. असं रोप म्हणजे दोन वर्सं एकाच पिशवीत बसलेलं. पिशवी फाडून पाहा, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून दोरखंडावानी झालेली असतात. ते तसंच खड्ड्यात ठेवलं तर मूळ बाहेर येतच नाही, पाच-सात वर्सांनी वादळात झाड अख्खं उपटून पडते. लोक म्हणतात वारा लय होता. वारा नाही जी, पिशवी होती. लावायच्या आधी धारदार चाकूनं बाजूनं तीन-चार उभे चिरे मारा, खालचं वेटोळं कापून टाका.

दुसरं म्हणजे जात. आमच्या इकडे बहावा लावा म्हणून मोठी हौस आहे. दिसाले सुंदर, मलेही आवडते. पण ऐन मे मध्ये त्याच्यावर फुलं असतात, पानं नसतात. ताईनं ज्या दिवशी टेप लावला त्या दिवशी ज्याच्यावर भरगच्च पान आहे तेच रस्त्याले लावा. करंज पहिला नंबर. एप्रिलात नवं पान येते, नवतप्यात गच्च सावली देते, अन् बकरी त्याले सहसा तोंड लावत नाही. मग कडुनिंब. मग जागा असन तर कुसुम, शिसम. नालीच्या कडेले अर्जुन. गुलमोहर फुटपाथवर नको, फांदी ठिसूळ.

---

वकीलबाई | 27 मे, रात्री 9:50

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच लोकांना ‘एकास पाच’ (एका झाडामागे पाच रोपं) एवढंच माहीत असतं.

मूळ कायदा 1975 चा, महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्यात 2021 मध्ये महत्त्वाची दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं. आणि एका झाडाच्या बदल्यात किती रोपं, तर त्या झाडाचं जेवढं वय तेवढी. रोपं सहा ते आठ फूट उंचीची, त्यांचं जिओ-टॅगिंग (नेमक्या जागेची डिजिटल नोंद), आणि सात वर्षं जपणूक. सावरीताई, तुमचा निंब 40 वर्षांचा धरला तर 40 रोपं. तुमच्याच मोजमापानं 40 गुणिले 0.28, म्हणजे 11 चौरस मीटरच्या थोडी वर. कायदा शब्दशः पाळला तरी पहिल्या दिवशी सावलीचा दहावा हिस्सा परत येतो. उरलेले नऊ हिस्से त्या सात वर्षांच्या जपणुकीवर अवलंबून आहेत. म्हणून माझ्या मते या दुरुस्तीत ‘सात’ हा आकडा सगळ्यात मोलाचा आहे आणि त्याबद्दलच कोणी विचारत नाही.

झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लागते. हरकतीला दिवस कमी मिळतात, म्हणून नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढा आणि लेखी हरकत देऊन पोच घ्या. हरकतीत ‘झाडे तोडू नका’ एवढंच लिहिलं तर ती एका ओळीत फेटाळली जाते. झाडाचा क्रमांक, जात, घेर, वय, आणि आखणी कुठं दोन मीटर सरकवली तर ते वाचतं, असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं.

पैशाचंही सांगते. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 जुनी झाडं तोडण्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. त्यांच्या पीठानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं 2021 मध्ये झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये गुणिले वय अशी काढली. 40 वर्षांच्या झाडाचे झाले 29 लाख 80 हजार. पुढे त्या प्रकरणात बरीचशी झाडं तोडायला परवानगी मिळाली, हेही सांगायला हवं. पण लाकडाच्या भावाखेरीज झाडाला दुसरी किंमत असते, हे तिथे कागदावर आलं.

---

अजनीचा पोर | 28 मे, सकाळी 7:10

वकीलबाईंच्या हरकतीच्या मुद्द्याला जोडून.

2021 मध्ये अजनीच्या इंटरमोडल (रेल्वे, बस वगैरे एकाच ठिकाणी आणणाऱ्या) स्टेशनसाठी 4,930 झाडांची नोटीस निघाली होती. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. तिथले आंबे, जांभळं, निंब कुठल्या योजनेतले नव्हते. बदली होऊन आलेल्या माणसानं अंगणात कोय टाकायची, पाच वर्षांनी त्याची बदली, पुढच्यानं पाणी घालायचं, असे ते वाढले. तेव्हा शहरभरातून लोक आले. कॉलेजची मुलं, डॉक्टर, पक्षी पाहणारे, सकाळी फिरायला येणारे आजोबा. हरकती गेल्या, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं आणि तो प्रकल्प त्या रूपात पुढे सरकला नाही.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली. आमच्यातल्या ज्यांनी झाडांची यादी बनवली, रोज संध्याकाळी दोन तास खोडाला टेप गुंडाळून, त्यांचं म्हणणं सगळीकडे ऐकलं गेलं. आम्ही घोषणा दिल्या, त्याही गरजेच्याच होत्या. पण कागद त्या यादीमुळे हलला.

---

मुठेकाठचा | 28 मे, सकाळी 10:45

अजून एक विचारतो, राग मानू नका. हल्ली मियावाकी पद्धतीची दाट वनं लावतात, एका चौरस मीटरला तीन-चार रोपं. मेट्रोनंही अंबाझरीकडे ‘लिटल वुड’ नावानं वृक्षलागवड केली आहे ना? जागा थोडी, झाडं भरपूर. हे चांगलंच आहे की.

---

सावरी | 28 मे, दुपारी 3:20

राग कसला. चांगलंच आहे. अंबाझरीकडे मी जाते, पक्षी दिसतात, माती ओली असते. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, ते पाहिल्यावर शहरात पाणी मुरवणारी जमीन जितकी राहील तितकी हवीच आहे.

पण ते वेगळ्या खात्यातलं जमा आहे. माझ्या रस्त्यावरून गेलेलं माझ्या रस्त्यावर जमा व्हायला हवं. भांडी घासून घरी निघालेली बाई अंबाझरीच्या सावलीत चालू शकत नाही. 2013 च्या मे मध्ये आपल्याकडे पारा 47.9 वर गेला होता. तसल्या दुपारी शहरात एकूण किती झाडं आहेत याचा तिला काही उपयोग नाही, पुढचं झाड किती पावलांवर आहे याचा आहे.

आणि दाट वनात झाडं सरळ वर जातात, घेर धरत नाहीत. रस्त्याला घेर हवा.

एक विचार सुचलाय, चुकीचा असेल तर सांगा. आमचा निंब वाचला कारण तो कुंपणाच्या आत होता. त्याचं खोड शाळेचं आणि अर्धी सावली रस्त्याची. फुटपाथवर जागा नसेल तर रस्त्याला लागून असलेल्या शाळा, देवळं, दवाखाने, सरकारी वसाहती यांच्या कुंपणाच्या आत, भिंतीपासून थोडं अंतर ठेवून रांग लावता येईल का? तिथे खाली केबल नाही, गट्टू नाहीत, गुरं येत नाहीत, आणि पाण्याचा नळ दहा पावलांवर आहे.

---

सळई सिमेंट | 28 मे, रात्री 11:15

चुकीचा अजिबात नाही. भिंतीच्या पायापासून अडीच-तीन मीटर आत घ्या आणि वरून वीजवाहिनी जात नाही ना ते बघा, नाहीतर दरवर्षी छाटणी होऊन अर्धंच झाड उरेल. करंजाचा घेर भिंत ओलांडून फुटपाथ झाकेल, आठ-दहा वर्षं लागतील.

एक भर घालतो. भांडेवाडीला मलजल शुद्धीकरण केंद्र आहे, तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे जातं. त्यातलं थोडं टँकरनं रस्त्याकडेच्या रोपांना मिळावं, ही मागणी लेखी करायला हरकत नाही. मे महिन्यात झाडाला पिण्याचं पाणी मागितलं की लोकांच्या घागरीशी स्पर्धा होते, आणि ती झाडानं हरलीच पाहिजे. या पाण्याला तो अडसर नाही.

---

वकीलबाई | 29 मे, सकाळी 8:30

उभ्या झाडांचंही बघा. सिमेंट रस्ते करताना खोडाला टेकवून काँक्रीट ओतलंय, गट्टू थेट सालीपर्यंत. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीसाठी झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायचा आदेश दिला होता. त्याचा दाखला देऊन आमच्या गल्लीत अर्ज केला, अकरा झाडांपैकी सात मोकळी झाली. नवीन चारशे रोपांपेक्षा वाचलेला एक निंब स्वस्त पडतो, हे तुमच्याच टेपनं सिद्ध झालंय.

---

सावरी | 6 जून, संध्याकाळी 6:40

आठ दिवसांनी येतेय. शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटलो. त्यांनी वही पाहिली, निंबाखाली कोण कोण होतं ती यादी दोनदा वाचली आणि कुंपणालगत नऊ झाडांची परवानगी दिली. आज सकाळी पहिले चार खड्डे झाले, तीन फूट लांब, रुंद, खोल. वरचा फूटभर थर जुन्या बांधकामाचा मलबा होता, विटा, फरशीचे तुकडे, एक गंजलेला नळ. त्याखाली काळी माती लागली. भेगाळलेली, पण हातात घेतली तर खालून गार होती.

नोंदवही केलीय. प्रत्येक झाडाला एक पान. लावल्याची तारीख नाही लिहायची, असं बारावीवालीनं ठरवलंय. दरवर्षी 26 मे ला दुपारी मोजलेला घेर लिहायचा. तिसऱ्या वर्षी जे पान रिकामं असेल ते झाड गेलं असं धरायचं. रस्त्यावरच्या पिंजऱ्यातल्या 31 बदली रोपांचीही पानं केलीत, त्यांपैकी आज 12 जिवंत आहेत. ही यादी वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे अर्जाला जोडून दिली आणि पोच घेतली. सात वर्षांतली अजून साडेचार शिल्लक आहेत, असं अर्जात लिहिलंय.

रोपवाटिकेवाले भाऊ, नऊ करंज हवेत. फार उंच नकोत. कधी येऊ?

---

रोपवाटिकेवाला | 6 जून, रात्री 8:55

आताच नका येऊ. खड्डे तसेच उघडे राहू द्या, ऊन खाऊ द्या, माती तापली का वाळवी अन् बुरशी कमी होते. मग मलबा बाहेर टाका, पोयटा, दोन टोपले कुजलेलं शेणखत अन् दोन मुठी निंबोळी पेंड घाला. वितभर उंच भरा, पाण्यानं ते खाली बसते.

मृगाचा पहिला पाऊस आला का सगळे धावतात. तुम्ही थांबा. दुसरा मोठा पाऊस होऊ द्या, खड्डा बसू द्या, मग ऑटो घेऊन या. येताना ओलं पोतं आणजा, हुंडी, म्हंजे मुळाभोवतीचा मातीचा गोळा, फुटाले नको. पाच फुटी नऊ करंज बाजूले काढून ठेवले आहेत, एकाच वर्साचे, पिशवी मीच फाडून मूळ दाखवीन. पोरीले संगं आणजा, चिरे कसे मारायचे ते तिले शिकवतो.